कडेला झोपणारी बाळं

वय विचाराल तर दीडशेच्या पुढे गेलो आहे आणि धंदा विचाराल तर पोरं झोपवण्याचा. होय मित्रांनो, मी पाळणा आहे. पण आढ्याला टांगलेला, हेलकावे घेणारा पाळणा मी नव्हे. मी जमिनीवर बसतो. पायाशी दोन वाकड्या पट्ट्या आहेत, त्यांवर मी डुलतो. डोक्याकडे बाळाला वारा लागू नये म्हणून लाकडी छप्पर आहे. आमच्या चुबुत नदीच्या खोऱ्यात वारा म्हणजे घरातलाच माणूस. तो कधी आला नि कधी गेला हे कुणी विचारत नाही, फक्त त्याला बाळाजवळ फिरकू द्यायचं नाही एवढं सगळ्यांना कळतं. म्हणून हे छप्पर. पण खरं सांगू का, हे छप्पर माझं नाही. माझं छप्पर दुसरीकडे होतं, आणि ते कुठे होतं हे माझ्याखेरीज कुणालाच आठवत नव्हतं.

जन्माने मी बोटीवरची फळी. वेल्समधून माणसं भरून जी बोट इकडे पातागोनियात आली, तिच्यात झोपायच्या फळ्या होत्या, त्यांतली मी एक. माणसं किनाऱ्यावर उतरली तेव्हा इथे घर नव्हतं, झाड नव्हतं, प्यायला गोडं पाणीही नव्हतं. ज्याला जे लाकूड मिळालं ते त्याने पाठीवर मारलं आणि वाळवंट तुडवत सगळे नदीच्या खोऱ्यात आले. मला पाठीवर घेऊन आला तो ग्रिफिथ. मायदेशी तो खाणीत पाटीचा दगड फोडायचा. गावात ग्रिफिथ नावाची माणसं उदंड, तेव्हा ओळख पटावी म्हणून लोक त्याला ग्रिफिथ पाटी म्हणत. तेच नाव इथे आलं, आणि त्याची लेकरंबाळं आजही या खोऱ्यात पाटीवाले म्हणूनच ओळखली जातात.

त्याने माझा पाळणा करायला घेतला, पण दगड फोडणाऱ्याच्या हाताला लाकूड वळेना. माझी एक पट्टी आखूड झाली. मी डुललो की टक् असा आवाज होतो, तो तेव्हापासूनचा. ग्रिफिथची बायको लाउरी मला बघून पोट धरून हसली. म्हणाली, पाळणा केलायस की खाणीतली ढकलगाडी? ग्रिफिथ वरमला. मग भरपाई म्हणून त्याने माझ्या अंगावर साखळी कोरली. आमच्या लोकांना साखळी कोरायची भारी हौस. एक कडी दुसरीत अडकवत ती पायाकडून निघाली, दोन्ही बाजूंनी वर चढली आणि छपरावर येऊन एका मोठ्या गोल कडीत मिटली. ते मात्र झकास जमलं होतं. शेजारपाजारच्या बायका नुसती साखळी बघायला यायच्या.

आणि मग माझ्यात नेस्ता आली.

ग्रिफिथ नि लाउरीची पहिली मुलगी. या भूमीवर त्या घरात जन्मलेलं पहिलं माणूस. इथल्या मूळच्या तेहुएल्चे लोकांचा तळ नदीपलीकडे पडायचा, त्यांच्यातल्या एका बाईने ग्वानाको नावाच्या रानजनावराचं मऊ कातडं तिच्यासाठी आणून दिलं होतं. ते अंथरलं की नेस्ता माझ्यात उताणी पडून हात वर करायची आणि छपराच्या काठावरून चाचपत ती मोठी कडी पकडायला बघायची. कडी तर कोरलेली, ती हातात कशी येणार? पण पोरीने नाद सोडला नाही. वारा घोंघावायला लागला की इतर पोरं रडतात, ही हसायची. मित्रांनो, मी पुढे पुष्कळ बाळं पाहिली, पण माझा जीव पहिलीवरच जडला. उगाच खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या उन्हाळ्यात नदी आटली आणि घरोघरी ताप आला. नेस्ताही तापली. लाउरी झग्याच्या टोकाने तिला वारा घालत होती आणि मी टक् टक् करत होतो. एका सकाळी लाउरीने हात थांबवला, पण मी अजून डुलतच होतो. तिने पायाने मला थांबवलं. त्यावरून मी समजलो.

तिला पुरायला पेटी हवी, आणि घरात लाकूड नाही. दाराला कातडं, टेबल म्हणून दगड. बोटीतून आलेली चहाची एक पेटी होती, ती पुरेशी होती, पण तिला झाकण नव्हतं. ग्रिफिथ माझ्याकडे बघत राहिला. तो मला मोडायलाच उठला होता. लाउरी आडवी आली. म्हणाली, पाळणा मोडू नकोस, रिकामा का होईना, घरात राहू दे. मग ग्रिफिथने माझ्या छपराचे खिळे एक-एक करून काढले. फळी चिरू नये म्हणून जपून काढले. कडी कोरलेलं माझं छप्पर त्याने त्या पेटीवर ठोकलं आणि टेकडीच्या पायथ्याशी, जिथे एरवी नदीचं पाणी पोचत नाही, तिथे तिला ठेवलं. तेव्हा ना चॅपेल बांधलं होतं, ना दफनभूमी आखली होती. दगड रचले त्या तेहुएल्चे बाईने.

आता जे सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटू नये असंच आहे ते. मी घरात होतो, चुलीशेजारी, आणि तरीही माती पडल्याचा आवाज मला ऐकू आला. डोक्यावर पडल्यासारखा. माझं छप्पर जिथे होतं तिथलं मला सगळं कळायचं. वरून शेळी चालली तरी कळायचं, पाऊस मुरला तरी कळायचं. आणि छपराखालून कुणीतरी अधूनमधून ती कडी चाचपायचं. आतून. कडी तर वरच्या अंगाला होती, आतून तिला ती कशी लागणार? पण नाद सोडला नव्हता पोरीने.

पुढच्या वर्षी लाउरीला दुसरी मुलगी झाली. तिचंही नाव नेस्ता ठेवलं.

आमच्याकडची ही रीतच. मूल गेलं की त्याचं नाव मोकळं पडतं, ते पुढच्याला द्यायचं. आजीचं नाव घराबाहेर जाऊ नये, एवढाच त्यात हेतू. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. ग्रिफिथने नदीकाठच्या वाळुंजाची फळी कापून मला नवं छप्पर बसवलं. त्यावर काही कोरलं नाही. साखळी दोन्ही बाजूंनी वर यायची आणि छपरापाशी तुटायची, ती तशीच राहिली. मग बाळाला माझ्यात ठेवलं. लाउरीने बरोबर मध्ये ठेवलं होतं. बाळ हात-पाय झाडत डाव्या कडेला सरकलं, फळीला चिकटलं आणि शांत झोपी गेलं. उजवीकडे अर्धी जागा मोकळी. लाउरीने उचलून पुन्हा मध्ये ठेवलं, बाळ पुन्हा कडेला. लाउरी कितीतरी वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत बसली. कुणाला काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने बाळाला मध्ये ओढलं नाही.

तिला नुसती शंका होती. मला मात्र वजन कळत होतं. उजवीकडची जागा मोकळी नव्हती.

त्यानंतर त्या घराण्यातलं प्रत्येक मूल माझ्यात कडेला झोपलं. नेस्ताची मुलं, नातवंडं, पतवंडं. खोऱ्यात थट्टाच झाली होती. चहाला जमलेल्या बायका म्हणायच्या, पाटीवाल्यांची पोरं कडेला झोपतात, मोठेपणी नवऱ्याला पलंगावरून ढकलतील. सगळ्या हसायच्या. मीही एरवी हसलो असतो.

मोठ्या पुराची गोष्ट तर आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. मातीची घरं साखरेसारखी विरघळली, चॅपेल गेलं, चॅपेलातली जन्ममृत्यूची पुस्तकं गेली. माणसं टेकड्यांवर पळाली. मी तरंगत गेलो. ओंडके, मेंढ्या, खुर्च्या सगळं समुद्राकडे वाहून गेलं, आणि मी एकटा पाण्याच्या ओढीला आडवा जाऊन टेकडीच्या पायथ्याशी लागलो. पाणी ओसरल्यावर ग्रिफिथ मला शोधत आला. मी कुठे अडकलोय हे बघून तो त्या रचलेल्या दगडांपाशी बसला. त्याने माझी उजवी कड थोपटली आणि मला खांद्यावर घेऊन परत निघाला. घरी त्यानेही अवाक्षर काढलं नाही. आमची माणसं बोलायला कमी, गायला जास्त. गायच्या गोष्टी ती चॅपेलात गातात आणि रडायच्या गोष्टी गिळून टाकतात. मला याचा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मग काय, दिवस बदलले. दुकानातून लोखंडी पाळणे आले, पुढे जाळीचे आले. मला कोठारात टाकलं. माझ्यात कांदे भरले, बटाटे भरले, एक कोंबडी अंडी घालायला बसली. तीदेखील डावीकडेच बसायची. उजवीकडे पाऊल टाकलं की फडफडून उठायची. घराची मालकीण आता डिलिस होती, दुसऱ्या नेस्ताची पणती. ती हसून म्हणायची, कोंबडीसुद्धा आमच्याच घराण्यातली दिसते.

या डिलिसला म्हातारपणी वंशावळ काढायचं वेड लागलं. आमचे लोक किनाऱ्यावर उतरले त्या दिवसाची आठवण म्हणून दर हिवाळ्यात चॅपेलच्या दालनात मोठा चहा असतो. त्या वर्षी ठरलं की प्रत्येक कुटुंबाने आपली वंशावळ काढून भिंतीवर लावायची. डिलिसने जेवणाच्या टेबलावर भला मोठा कागद पसरला आणि थडगी धुंडाळत, म्हाताऱ्यांना खोदून विचारत, सगळ्यांत वर ग्रिफिथ, शेजारी लाउरी, खाली नेस्ता अशी ती उतरत आली. एकच नेस्ता. गाडी तिथे जरा अडली होती. घरात सगळे सांगायचे की नेस्ता ही या भूमीवर आपल्या घरात जन्मलेली पहिली, आणि थडग्यावर मात्र जन्मसाल नंतरचं. डिलिसची थोरली बहीण टेगवेन म्हणाली, अगं, एक-दोन वर्षं इकडे-तिकडे, कोण मोजायला बसलंय? डिलिसने मान डोलावली आणि पुढे गेली.

मला या गोष्टी कशा कळल्या? कारण नेमकं त्याच दिवसांत मला कोठारातून स्वयंपाकघरात आणलं होतं. डिलिसची मुलगी एलुनेद गरोदर होती.

एलुनेदबद्दल मला सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती. मायर तिचं नाव. इस्पितळातून ती घरी आलीच नाही. काही दिवसच जगली. एलुनेद तेव्हापासून हसायची ती फक्त तोंडाने. आता पुन्हा दिवस गेले होते, मुलगी आहे हेही कळलं होतं, आणि टेगवेनने आल्याआल्या विषय काढला. नाव शोधायला नको, मायर हे नाव मोकळंच आहे. घराण्याची रीत आहे. टेगवेन मनाने वाईट नव्हती हो. तिला वाटायचं, नवं बाळ ते नाव घेऊन हिंडू-फिरू लागलं की जुनं दुःख आपोआप भरून येईल. एलुनेद उठून पाणी प्यायली.

एका दुपारी ती त्या कागदापाशी आली. तिच्या नावाखाली आईने एक चौकोन आखला होता. त्यात मायर असं लिहिलं होतं, आणि खाली तारखेची जागा कोरी ठेवली होती.

"आई," तिने विचारलं, "हा चौकोन कुणाचा?"

डिलिसने चष्मा काढला, पुसला, परत घातला. चौकोन येणाऱ्या बाळासाठी होता हे दोघींनाही कळत होतं.

"एकदा माझी मुलगी मेली," एलुनेद म्हणाली, "आता तिला कागदावरूनही पुसता का तुम्ही?"

ती शांतपणे बोलली, आवाजही चढवला नाही. मी चुलीशेजारी होतो. मित्रांनो, दीडशे वर्षांत मला बोलता यावं असं इतकं कधी वाटलं नव्हतं. मला माहीत होतं ना, कागदावरून पुसलेली मुलगी कुठे असते ते. ती जात नाही. ती कडेला जागा मागत राहते.

बरं, मला बोलता येत नसलं तरी माझ्याकडे बघता येत होतं, आणि बघितलं ते एलुनेदच्या नवऱ्याने. रामिरो त्याचं नाव. वेल्श रक्त नाही, सासूलाही स्पॅनिश रीतीने दोन्या म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब, पण हात कसबी. बाळासाठी मला घासूनपुसून तयार करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. माते नावाचा इथला कडवट चहा नळीने ओढत ओढत तो माझ्यावर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. साखळी बोटाने चाचपत तो वर आला नि छपरापाशी थांबला.

"दोन्या डिलिस, हे छप्पर मूळचं नाही. पाळणा पाइनचा आणि छप्पर वाळुंजाचं. साखळी मध्येच तुटलीय."

"मोडलं असेल कुणीतरी," टेगवेन म्हणाली. "पाटीवाल्यांचा हात दगडी."

"मोडलेलं नाही मावशी, सोडवलेलं आहे. खिळे किती जपून काढलेत बघा. एक भोकही फाटलेलं नाही. पाळण्याचं नुसतं छप्पर कोण काढून नेईल? आणि कशासाठी?"

रामिरोला बाहेर जायचं होतं. टेकडीच्या पायथ्याची पडीक जमीन सपाट करून त्याला चेरीची बाग लावायची होती, त्यासाठी यंत्र आलं होतं. तो गेला. एलुनेद खोलीत पडायला गेली. टेगवेनने चहा ठेवला, डिलिस मनुकांचा पाव कापत बसली. खिडक्या घट्ट बंद होत्या. बाहेर वारा होता, पण आत मेणबत्तीची ज्योतही हलली नसती.

आणि माझ्या डोक्यावर काहीतरी घासलं.

इथे नव्हे, तिथे टेकडीखाली. जड, लोखंडी, मातीला खरवडत येणारं. आधी लांब, मग जवळ. छपराखाली कुणीतरी दचकलं. मित्रांनो, मी लाकूड आहे, मी आपणहून हलत नाही, मला कुणी हलवावं लागतं. तेव्हा मला कुणी हलवलं हे मला विचारू नका. मी डुलायला लागलो. टक्. टक्. टक्.

डिलिसच्या हातातली सुरी थांबली. टेगवेन किटली घेऊन वळली आणि तशीच उभी राहिली. रिकामा पाळणा स्वयंपाकघराच्या मध्यावर डुलतोय आणि त्याची उजवी कड दरवेळी जरा जास्त खाली जातेय, हे दोघींनी पाहिलं.

"वारा," टेगवेन कशीबशी म्हणाली.

डिलिस माझ्या तुटक्या साखळीकडे बघत होती. मग हळूहळू, कुणालाही न सांगता आपल्याशीच बोलावं तसं तिने सांगायला सुरुवात केली. ती लहान असताना पणजी नेस्ता जिवंत होती. वाकलेली, दात नसलेली. फुलांच्या रविवारी सगळी माणसं आपापल्या लोकांची थडगी धुऊन फुलांनी सजवायला चॅपेलच्या आवारात जायची. पणजी मात्र आधी हिला हाताला धरून टेकडीच्या पायथ्याशी न्यायची. तिथे नुसते दगड. पणजी त्यांवर फुलं ठेवायची आणि म्हणायची, इथं नेस्ता आहे. डिलिस म्हणायची, नेस्ता तर तू आहेस ना? तेव्हा पणजी म्हणायची, हो ना, म्हणूनच तर येते. डिलिसला वाटायचं म्हातारीला भ्रम झालाय. पणजी गेल्यावर तिने हे कुणाला सांगितलं नाही, हसतील म्हणून.

"टेगवेन," ती म्हणाली, "दोघी होत्या."

"कोण दोघी?"

"नेस्ता. दोन होत्या. घरात लाकूड नव्हतं गं. छप्पर पहिलीवर घातलंय." आणि मग तिने सुरी टाकली. "रामिरोचं यंत्र."

रामिरोला फोन लावला, तो उचलेना. यंत्राच्या घरघरीत त्याला काय ऐकू येणार? टेगवेनने पिकअपची किल्ली घेतली. या वयात ती गाडी अशी चालवते की खोऱ्यातली कुत्री बाजूला होतात. डिलिस मला दोन्ही हातांनी उचलायला लागली.

"पाळणा कशाला घेतेस?" टेगवेन ओरडली. "तिथे काय बाळ आहे?"

"हो," डिलिस म्हणाली.

टेगवेनने माझी दुसरी बाजू धरली.

आम्ही पोचलो तेव्हा यंत्राचं पातं दगडांच्या ढिगाला लागलं होतं. दगड विखुरले होते आणि मातीत एक फळी उघडी पडली होती. चालक स्वतःच थांबला होता, जमिनीत लाकूड लागलं म्हणून. आमच्याकडची ती वरची माती हाडासारखी कोरडी असते, तिच्यात लाकूड कुजत नाही. रामिरो गुडघ्यावर बसून हाताने माती झटकत होता. आधी एक बारीक कडी दिसली, मग दुसरी, मग ती मोठी गोल कडी. त्याने वर पाहिलं आणि मला गाडीत बघितलं. त्याने मला उतरवून त्या फळीच्या डोक्याशी ठेवलं. माझ्या बाजूंनी चढणारी साखळी आणि मातीतली साखळी समोरासमोर आली, आणि कडीला कडी जुळली.

टेगवेनने ओंजळीत तोंड झाकलं. ती रडते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पेटी कुणी उघडली नाही. रामिरोने हळूच विचारलं, छप्पर काढून पाळण्याला परत लावायचं का? मला मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण डिलिस म्हणाली, लेकराच्या अंगावर घातलेलं परत काढून घ्यायचं नसतं. तिचं खरं होतं. त्यांनी हातांनीच माती लोटली, दगड पुन्हा रचले. बाग थोडी अलीकडे सरकली. वेल्समधून आलेली पाटीच्या दगडाची एक जुनी फरशी डिलिसच्या दारात होती, ती तिथे नेऊन उभी केली. तिच्यावर एकच शब्द कोरला, नेस्ता. त्यानंतर मला तिथलं काही ऐकू आलं नाही. आतून कडी चाचपणं थांबलं. मला हलकं वाटलं आणि फार एकटंही वाटलं.

चहाच्या दिवशी दालन भरलं होतं. डिलिसच्या कागदावर आता लाउरीखाली दोन चौकोन होते, नेस्ता आणि नेस्ता, शेजारी-शेजारी. एलुनेदच्या नावाखालीही दोन चौकोन होते. दुसरा कोरा. पहिल्यात मायर लिहिलेलं होतं, पण तारखा अजून भरल्या नव्हत्या, डिलिसचा हात होत नव्हता म्हणून. टेगवेन आली, तिने पेन घेतलं आणि सगळ्यांदेखत मायर जन्मली तो दिवस आणि गेली तो दिवस आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिला. मग एलुनेदला म्हणाली, "नाव तिचंच आहे पोरी. माझी जीभ जरा सैल आहे, मनावर घेऊ नकोस."

एलुनेदने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. हे मला रामिरोने सांगितलं, म्हणजे तो मला तेल लावताना आपल्याशीच बोलत होता आणि मी ऐकलं. त्याने आणखी एक सांगितलं. त्या संध्याकाळी म्हाताऱ्या बायका एक-एक करून आपापल्या कागदापाशी गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, पेन दे जरा, आमच्याकडेही एक होता.

वसंतात एलुनेदला मुलगी झाली. तिचं नाव हेलेद. त्या घरात कुणाचंच नव्हतं असं नवंकोरं नाव. तिला पहिल्यांदा माझ्यात ठेवलं तेव्हा सगळे भोवती उभे होते. एलुनेदने तिला बरोबर मध्ये ठेवलं. मी मनात म्हटलं, नेस्ताला तिची जागा मिळाली, आता ही पोर हात-पाय पसरून मध्येच झोपेल.

हेलेदने हात झाडले, पाय झाडले, डाव्या कडेला सरकली, फळीला चिकटली आणि डोळे मिटले.

टेगवेनने छातीवर हात ठेवला. आणि मित्रांनो, मला उजवीकडे वजन लागलं. मी दचकलो. कारण ते नेस्ताचं नव्हतं. नेस्ताला मी अंधारातही ओळखलं असतं. हे फार हलकं होतं, अगदी काही दिवसांच्या जिवाचं, माझ्यात कधीच न झोपलेलं. त्याने छपराची कडी शोधली नाही. ते नुसतं आलं आणि निजलं.

एलुनेदने वाकून त्या मोकळ्या जागेवर तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"आलीस होय," ती म्हणाली. "झोप आता. ताईसारखी नीट झोप, धाकटीला लाथ मारू नकोस."

आणि तिने पायाने मला डोलवायला सुरुवात केली. टक्. टक्. ती हसत होती, आणि या वेळी नुसत्या तोंडाने नाही.

बाळमित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या पाळण्यात कांदे-बटाटे भरा हवे तर, मला त्याचा राग नाही. पण घरातली माणसं मोजायला बसाल तेव्हा जी काही दिवसच राहून गेली त्यांना सोडून देऊ नका, आणि त्यांची नावं त्यांच्यापाशीच राहू द्या. आणि तुमच्याकडचं एखादं बाळ कडेला सरकून झोपत असेल, तर त्याला ओढून मध्ये आणू नका. आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसा आणि विचारा, इथं अजून कोण होतं?